विश्लेषण : इंजिनचे ‘हेड’ बदलताना मोठे घ्यावे की जुळणारे?

कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो, बॉनेटखालून वाफ येते आणि गाडी इगतपुरीच्या अलीकडेच थांबते. टोइंग करून ती नाशिकला येते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून फोन येतो, ‘हेड गेलंय. काय करायचं?’

या प्रश्नाला चार उत्तरे असतात. जुनेच हेड फेसिंग करून बसवायचे, कंपनीचे नवे आणायचे, बाजारातले दुसऱ्या बनावटीचे घ्यायचे किंवा भंगारातल्या गाडीचे उतरवायचे. हल्ली रील्स पाहणारे तरुण मालक पाचवे उत्तर देतात, ‘उघडलंच आहे तर पोर्ट मोठे करून घेऊ, पिकअप वाढेल.’ निर्णय फोनवरच पाच मिनिटांत होतो. तो चुकला तर तीच गाडी दोन महिन्यांत त्याच घाटात पुन्हा उभी राहते. म्हणून हेड निवडताना नेमके काय पाहायचे, ते समजून घेऊ.

सिलिंडर हेड म्हणजे काय?

इंजिनच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वर-खाली होतात. त्या सिलिंडरवर घट्ट बसवलेले झाकण म्हणजे हेड. हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग, म्हणजे पोर्ट, त्यातच असतात. आजच्या बहुतेक इंजिनांत ते मार्ग उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्हही हेडमध्येच असतात. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग आणि डिझेलमध्ये नोझल इथेच बसते. (सातपूरचा बॉशचा कारखाना डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनवतो. जुन्या नाशिककरांच्या तोंडी तो अजून ‘मायको’च आहे.) हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते एकाच वेळी ज्वलनाचा दाब, कूलंट आणि ऑइल एकमेकांपासून वेगळे ठेवते.

थोडक्यात, इंजिन किती सीसीचे हे ब्लॉक आणि क्रँक ठरवतात. ते श्वास कसा घेणार, यात हेडचा वाटा मोठा असतो.

फक्त हेड बदलून किती फरक पडतो?

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अनेक दशके धावले आहे. ते म्हणजे विलिसच्या परवान्याने महिंद्राने भारतात बनवलेली सीजे-३बी जीप.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ‘गो डेव्हिल’ हे २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असत आणि वरचे हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण होते. त्याची ताकद ६० अश्वशक्ती होती. पुढे आलेल्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक तोच राहिला, क्षमताही २१९९ सीसीच राहिली. फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा करून वर हेडमध्ये आणला आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. कॉम्प्रेशनही थोडे वाढवले. ताकद ७२ अश्वशक्तीच्या आसपास गेली, म्हणजे साधारण पाचव्या हिश्श्याने वाढ झाली.

नव्या हेडची उंची वाढल्याने ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बीचे बॉनेट उंच करावे लागले. त्या जीपचा उंच, चौकोनी चेहरा हेडमुळेच आला आहे.

यातली खरी गोष्ट मात्र ताकदीच्या आकड्यात नाही. दोन्ही इंजिनांचा कमाल टॉर्क २००० आरपीएमलाच मिळत होता. तो सुमारे १४२ वरून १५४ न्यूटन मीटरवर गेला, पण त्याची जागा बदलली नाही. चिखलातून, चढावरून, माल ओढत चालणाऱ्या गाडीला जोर जिथे लागतो तिथेच तो वाढवला गेला.

अमेरिकेतला ‘बिग ब्लॉक’चा वाद काय सांगतो?

रील्समध्ये दिसणारे पोर्ट मोठे करण्याचे वेड मुख्यतः अमेरिकेतून आले आहे. तिथल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांना ‘बिग ब्लॉक’ म्हणतात. शेव्हरोलेच्या ४५४ घनइंचाच्या, म्हणजे ७.४ लिटरच्या इंजिनाला दोन प्रकारची हेड येत. एकाचे पोर्ट लंबगोल आणि लहान, दुसऱ्याचे आयताकृती आणि मोठे. रोज चालवायच्या गाडीला कोणते बसवायचे, यावर तिथले हौशी लोक आजही तावातावाने भांडतात.

१९७० च्या शेव्हेल या मोटारीला हे इंजिन दोन रूपांत मिळत होते. लंबगोल पोर्टच्या ‘एलएस-५’ची ताकद ३६० अश्वशक्ती, तर आयताकृती पोर्टच्या ‘एलएस-६’ची ४५० होती. कंपनीने दिलेला कमाल टॉर्क मात्र दोघांचा सारखाच होता, सुमारे ६७८ न्यूटन मीटर. तो ‘एलएस-५’ला ३२०० आरपीएमला आणि ‘एलएस-६’ला ३६०० आरपीएमला मिळे. कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशनही वेगळे असल्याने सगळा फरक हेडचा नव्हता. पण दिशा स्पष्ट आहे. मोठ्या पोर्टची कमाई वरच्या आरपीएमला होते. सिग्नलवरून निघणाऱ्या गाडीला ती उपयोगी पडत नाही.

मोठ्या पोर्टने पिकअप कमी का होते?

पाटाचे पाणी आठवा. पात्र अरुंद असते तिथे ते वेगाने धावते, पात्र रुंद झाले की तेच पाणी संथ होते. पोर्टमधल्या हवेचेही तसेच असते.

२१९९ सीसीचे इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २२०० लिटर हवा ओढते. ७.४ लिटरचे इंजिन ५६०० आरपीएमला २० हजार लिटरहून अधिक. दुसऱ्या कामासाठी बनवलेला मार्ग पहिल्याला दिला तर हवा रेंगाळते. पेट्रोल इंजिनात तिच्यासोबतचे इंधन नीट मिसळत नाही आणि थेंब पोर्टच्या भिंतीला चिकटतात. हवा वेगात असेल तर व्हॉल्व्ह मिटता मिटताही ती स्वतःच्या जोराने सिलिंडरमध्ये घुसते. तो फायदाही जातो.

आता आपल्या वापराकडे पाहू. बोलेरोच्या २५२३ सीसी ‘एमटूडीआयसीआर’ इंजिनाचा कमाल टॉर्क १९५ न्यूटन मीटर आहे आणि तो १४०० ते २२०० आरपीएमदरम्यान मिळतो. पिंपळगावच्या बाजारातून टोमॅटो भरून निघालेली पिकअप असो वा नांदुरीहून सप्तशृंग गड चढणारी जीप, दोघींचा दिवस याच पट्ट्यात जातो. त्यामुळे ‘हे हेड किती ताकद देईल’ यापेक्षा ‘माझी गाडी जास्त वेळ कोणत्या आरपीएमला असते’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

डिझेलमध्ये वेगळे काय?

डिझेल इंजिनात पोर्टमधून फक्त हवा येते. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनांत पोर्टला मुद्दाम पीळ दिलेला असतो. त्यामुळे हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरते आणि नोझलमधून आलेले डिझेल तिच्यात पसरते. हा पीळ ग्राइंडरने घासून गुळगुळीत केला, तर हवा कदाचित जास्त येईल, पण फिरणार कमी. मग काळा धूर वाढतो आणि पीयूसीच्या वेळी अडचण होते. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत ज्वलनाची सुरुवात हेडमधल्या छोट्या कप्प्यात होते. म्हणून ‘दिसायला सारखे आहे’ एवढ्यावर एका प्रकारच्या इंजिनाचे हेड दुसऱ्यासाठी घेऊ नये.

लोखंडी की ॲल्युमिनियमचे?

ॲल्युमिनियम बिडाच्या तुलनेत वजनाला साधारण ४० टक्के भरते आणि उष्णता सुमारे तिप्पट वेगाने बाहेर नेते. पण तापल्यावर ते जवळपास दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल, तर प्रत्येक तापण्या-निवण्यात दोघे वेगळ्या मापाने हलतात आणि तो ताण गॅस्केट सोसते. अशी गाडी एकदा जरी जास्त तापली, तरी हेड वाकण्याची शक्यता बरीच असते. बिडाचे हेड वाकायला तुलनेने चिवट असते, पण तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर त्याला तडा जाऊ शकतो. घाटात वाफ आली की आधी इंजिन बंद करून थांबा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका.

फेसिंग पुरेसे की नवेच हवे?

हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने वाक मोजतात. अनेक इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतच वाक चालतो. नेमकी मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. त्यापुढे वाक असेल तर पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करतात. हेच फेसिंग.

पण फेसिंगने धातू कमी होतो. हरिकेनच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ५५० सीसी. कॉम्प्रेशन ६.९ धरले तर पिस्टनच्या वर साधारण ९३ सीसी जागा उरते. फेसिंगमध्ये त्यातली ४ सीसी गेली, तरी कॉम्प्रेशन ७.२ च्या जवळ जाते. जुन्या जीपला एवढे सोसेल. आधीच जास्त कॉम्प्रेशन असलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र ठोके ऐकू येऊ शकतात. डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये ज्वलनाचा खड्डा पिस्टनमध्ये असतो. तिथे फेसिंगनंतर व्हॉल्व्ह आणि नोझल किती खाली आले, हे मोजावेच लागते. अनेक डिझेल इंजिनांसाठी वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट मिळतात, ती याचसाठी.

तडा असेल तर फेसिंगचा उपयोग नाही. तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही. हेडमधले पाण्याचे मार्ग बंद करून हवेच्या दाबाने चाचणी घेतली की तो कळतो. भंगारातले हेड घेत असाल तर ही चाचणी आधी, पैसे नंतर.

कायदा काय म्हणतो?

त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे हेड बसवणे ही दुरुस्ती आहे. इंजिन क्रमांक साधारणपणे ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यामुळे ब्लॉक किंवा अख्खे इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची प्रक्रिया लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

• गाडी तापली कशामुळे? रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, पंखा आणि रेडिएटरची कॅप तपासली का? कारण तसेच राहिले तर नवे हेडही जाईल.

• वाक किती निघाला? तड्याची चाचणी झाली का?

• फेसिंगमध्ये किती धातू काढला? त्यानुसार गॅस्केट कोणत्या जाडीचे बसवणार?

• व्हॉल्व्ह, सीट, गाइड आणि सील यांचे काम यातच होणार की पुन्हा उघडावे लागेल?

• हेड बोल्ट नवे लागतात का? ते टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आवळणार ना?

• हेडचा पार्ट नंबर माझ्या इंजिनाचाच आहे ना? तो बिलावर लिहून मिळेल का?

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘बसवून टाका’ म्हणू नका. एका दिवसाचा उशीर परवडतो. भरलेल्या गाडीसह घाटात पुन्हा उभे राहणे परवडत नाही.