शून्य सावली दिवस मोठ्यांनीही साजरा करा!

दरवर्षी मे महिन्यात सूर्य महाराष्ट्रावरून उत्तरेकडे सरकतो. मध्याच्या सुमारास पुणे-मुंबईच्या आणि अखेरीस नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. 🌞

हा कार्यक्रम फक्त मुलांचा का असावा? यंदा सोसायटीच्या गच्चीवर मोठ्यांना बोलवा.

१. आधी पैज: सावली किती वाजता गायब होईल? बहुतेकजण १२ म्हणतील. पुण्यात तो क्षण साधारण १२:३० नंतर येतो, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

२. ओळंब्याने काठी उभी करा. दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा.

३. नागपूरच्या नातेवाइकांना फोन लावा. पुण्याच्या शून्य सावली दिवशीच, त्यांच्या मध्यान्ही १ मीटर काठीची सावली सुमारे साडेचार सेंटिमीटर भरेल. त्यावरून कोन काढा, दोन्ही शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर घ्या, की पृथ्वीचा परीघ हाती येतो! प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसची युक्ती हीच.

सूर्याकडे थेट पाहू नका. व्याख्यान नको, मोजपट्टी हातात द्या. प्रश्न आपोआप सुरू होतात.

तुमच्या गावची तारीख शोधून ठेवा! 📏