जाळे सगळ्यात शेवटी लागते

गरीब कुटुंबाला मासळीचा धंदा लावून द्यायचा म्हणजे एक जाळे घेऊन द्यायचे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. हेतू चांगला असतो. पण तलावातला मासा कसा वाढतो हे समजून घेतले, तर जाळ्याची पाळी सगळ्यात शेवटी येते हे ध्यानात येईल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या तलावांत आणि धरणांत जो मासा प्रामुख्याने सोडला जातो, तो कार्प जातीचा: कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघे मूळचे उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. एका पाण्यात राहूनही त्यांचे आपसांत भांडण नसते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. ओळखायलाही सोपे आहेत. मोठे डोके आणि वर वळलेले तोंड तो कटला. झालरीसारखे ओठ असलेला रोहू. लहान डोक्याचा, खाली तोंड असलेला मृगळ. काठावर वाढलेले पोर लांबूनच नाव सांगते.

बी दरवर्षी लागते

हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. म्हणून पूर्वी नद्यांमधून बी गोळा करून आणावे लागे, आणि त्यात नको असलेल्या जातीही मिसळून येत. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली. त्याची आठवण म्हणून 10 जुलै हा दिवस देशभर मत्स्य शेतकरी दिन पाळतात.

एका मादीपासून लाखांनी अंडी मिळतात, पण मोठे होतात ते थोडेच. अंड्यातून निघालेल्या अगदी बारीक पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात आणि बोटाएवढ्या झालेल्यांना बोटुकली. मोठ्या तलावात जिरे सोडणे म्हणजे इतर माशांना जेवण वाढणे. तिथे चांगली बोटुकलीच सोडावी लागते. ती महाग पडते, आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, ऊन चढायच्या आत आणावी लागते.

वाट पाहण्याचे महिने

पावसाळ्यात सोडलेली बोटुकली विकण्याजोगी व्हायला दहा-बारा महिने जातात. लहान तळ्यात भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालावी लागते. ढगाळ हवेत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, की पाण्यातला प्राणवायू कमी झाला हे जाणकार लगेच ओळखतो.

राधानगरी, गगनबावडा या घाटाकडच्या तालुक्यांत अडचणी आणखी आहेत. धरणाचे पाणी खोल असते आणि बुडालेल्या झाडांच्या खुंटांत जाळी फाटतात. धरण भरले आणि दरवाजे उघडले की शहरात आनंद होतो, पण त्याच पाण्याबरोबर मासेही निघून जातात. 2019 आणि 2021 सारखा महापूर आला तर नदीकाठच्या तळ्यातले वर्षाचे पीक एका रात्रीत वाहून जाऊ शकते. उन्हाळ्यात पाणी शेतीला सोडले जाते आणि तलाव आटतो. पंचगंगेत प्रदूषणाने मासे मरून तरंगतात, त्याच्या बातम्या तर आपण वाचतोच.

शिवाय एक आगंतुक आहे: चिलापी. 1952 साली भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा साठलेल्या पाण्यातही भराभर वाढतो आणि कार्पचे खाद्य खातो. गालीलच्या सरोवरात ज्याला पेत्राचा मासा म्हणतात, तो याच कुळातला. गरिबाच्या ताटात चिलापी पडतो हेही खरे, पण बाजारात त्याला कटल्याइतका भाव नाही.

पाणी कोणाचे?

सर्वांत मोठा प्रश्न हक्काचा आहे. तलाव ठेक्याने दिले जातात, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. कोल्हापुरात भोई समाजाचा हा पिढीजात धंदा. घाटाखाली रायगड जिल्ह्यात कातकरी बांधव ओढ्या-नद्यांत मासे धरून पोट भरत आले. पण ज्याचे नाव संस्थेच्या यादीत नाही, त्याने ठेक्याच्या तलावात गळ टाकला तरी तो चोर ठरतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या आदिवासींचा पाणवठ्यातल्या माशांवरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. मात्र त्यासाठी ग्रामसभेत दावा करावा लागतो, कागद जमवावे लागतात, तालुक्याला खेटे घालावे लागतात.

त्यातले सुख

इतके असूनही हे काम करणारे ते सहजी सोडत नाहीत. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तरंगजाळे लावायचे आणि पहाटे दोर हातात घेऊन बघायचे. दोराला झटका आला, की कटला आहे की रोहू याचा अंदाज हातालाच येतो. मोठ्या आसाचे जाळे असेल तर लहान मासे निसटून जातात, आणि ती पुढच्या महिन्यांची ठेव असते. मोठा मासा बाजारात जातो. घरी कटल्याचे डोके उरले तरी कालवण होते, आणि भाकरीबरोबर काटे काढत काढत सगळे घर जेवते.

तेव्हा अशा कामाला हातभार लावताना चार गोष्टी क्रमाने विचाराव्यात. पाण्यावर त्या कुटुंबांचा हक्क लेखी आहे का? बोटुकली चांगल्या ठिकाणची आणि पुरेशा आकाराची आहे का? मासा वाढेपर्यंतच्या महिन्यांत घर कशावर चालेल? पकडलेला मासा बर्फात घालून त्याच दिवशी बाजारात पोचवण्याची सोय आहे का? या चारांची उत्तरे मिळाली, की मग जाळे खुशाल घ्यावे.