भिंत, गर्दी आणि गेलेली लाइट!

ऑफिससाठी वायफाय घ्यायचंय? मग खोक्यावरचे अँटेना मोजण्याआधी आपल्या चार भिंती नीट बघून घ्या...

‘तुमच्या तिकडे नेटचा प्रॉब्लेमच असतो ना!’ व्हिडिओ कॉल तिसऱ्यांदा फ्रीज झाला आणि पुण्याचा क्लायंट हसत हसत बोलून गेला. सांगलीत, विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र हसू आलं नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट घरी घेऊन आली. नंतर ती नोकरी सोडून तिने पाच जणांचं छोटंसं डिझाइन ऑफिस थाटलं. त्यामुळे तो ‘तिकडे’ तिला चांगलाच झोंबला. आज कॉल अडकला, उद्या कामच गेलं तर? पाचही जण पुन्हा पुण्याच्या गाडीत!

मी शेजारच्या टेबलवर लेख पाठवत बसले होते. माझाही मेल आउटबॉक्समध्ये घिरट्या घालत होता. मास कॉमला आम्हाला डेडलाइन शिकवली, राउटर कुणी शिकवला नाही. म्हटलं, आता छडा लावायचाच.

सगळ्यात आधी लॅपटॉप केबलने थेट नेट कंपनीच्या डब्याला जोडला. तिथेही स्पीड नसेल तर दोष लाइनचा. आमचा तिथे मस्त पळाला. म्हणजे चोर घरातच होता! मग अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकला, आणि बापरे! खालचा क्लास, समोरचा दवाखाना, वरचे फ्लॅट, सगळ्यांची नेटवर्क २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. हळदीच्या सौद्यात सगळे एकदम बोलायला लागले तर भाव कुणाला ऐकू येणार? त्यात आमचा राउटर लोखंडी कपाटामागे. लोखंडापुढे वायफाय हात टेकतं. राउटर कपाटावर आणला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकले, जुना प्रिंटर तेवढा २.४ वर ठेवला. खर्च शून्य, कॉल एकदम क्लिअर!

ही फुशारकी घेऊन मी साताऱ्याला मावसभावाकडे गेले. दादा टॅक्सची कामं करतो. ऑफिस राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यात, मधली भिंत काळ्या दगडाची आणि हातभर जाड. तिथे माझा ५ गिगाहर्ट्झचा उपाय तोंडावर आपटला. लहरींची फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी त्यांना भिंत जड जाते. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं, उशीर झाला की क्लायंटला दिवसाला ५० रुपये लेट फी. आणि आतल्या खोलीतली असिस्टंट लॅपटॉप घेऊन दारात उभी! ‘हा बघ, आठ अँटेनांचा आणलाय,’ दादा म्हणाला. राउटर कसला, कोळीच तो. मग त्याने रिपीटरही आणला होता. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवरून ऐकतो आणि त्याच रेडिओवरून बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. शेवटी दाराच्या चौकटीवरून कॅट-६ केबल आत नेली आणि आतल्या खोलीत वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. वायरलेसचा प्रश्न अखेर वायरीनेच सोडवला!

सांगलीचा आजार गर्दीचा, साताऱ्याचा भिंतीचा. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळंच. आपल्या भागाने हा धडा आधीही घेतलाय. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांना जोडायचं, गावोगावी कॉम्प्युटर ठेवायचे, अशी मोठी कल्पना. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींना दिसलं, की गावातला कॉम्प्युटर मुख्यतः उसाची माहिती देण्याघेण्यापुरताच वापरला जातोय. त्यांनी काही गावांत त्याच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस देऊन पाहिला. काम तेच, खर्च कमी. मोठं यंत्र म्हणजे भरवशाचं यंत्र नव्हे!

तेव्हा दुकानात जाताना ही चिठ्ठी खिशात असू द्या:

* माणसं नव्हे, डिव्हाइस मोजा. पाच जणांचे लॅपटॉप आणि फोन मिळून दहा, वर प्रिंटर आणि कॅमेरे.

* खोक्यावरचा ‘एएक्स ३०००’ हा दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगाची बेरीज असते. एका लॅपटॉपला तेवढा कधीच मिळत नाही.

* गर्दीच्या बिल्डिंगमध्ये वायफाय ६ घ्या. एकाच वेळी अनेक डिव्हाइस सांभाळणं त्याला जमतं.

* डब्ल्यूपीए-३ सुरक्षा आणि नियमित अपडेट हवेतच. पाहुण्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

* बसायच्या जागी सिग्नल मोजा. उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल तर कॉल निवांत, उणे ८० च्या खाली गेला तर रडारड.

* लाइट दोन मिनिटं जाते, पण राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत मीटिंग संपते. राउटरला आणि फायबरच्या डब्यालाही छोटा यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या.

* बॅकअपला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. दोन्ही एकाच कंपनीची असतील तर एकदमच झोपतील!

* सांगलीत ऑफिस तळमजल्यावर असेल तर सगळी मशीन उंचावर ठेवा. २००५ आणि २०१९ चं पाणी विसरून चालणार नाही.

* आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. बिघडलेला राउटर कुरिअरने लांब पाठवायचा तर आठवडाभर ऑफिसने काय करायचं?

परवा मैत्रिणीकडे पुन्हा गेले होते. त्याच क्लायंटचा कॉल, सलग चाळीस मिनिटं. मध्येच लाइट गेली, पंखा थांबला, कॉल चालूच! शेवटी तो म्हणाला, ‘आज आवाज मस्त येतोय. पुण्यात आलीयस का?’

‘नाही हो, तिकडेच आहे,’ ती म्हणाली. या वेळी हसली तीच.