अन्नोद्योगातील ऊर्जा : एका वाफेची चार कामे

साखर कारखान्यात उष्णतेचा सर्वांत मोठा खर्च पिळलेल्या रसातले पाणी घालवण्यावर होतो. एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास 70 किलोकॅलरी पुरतात, पण तेथे पोहोचलेल्या त्याच पाण्याची वाफ व्हायला आणखी सुमारे 540 किलोकॅलरी लागतात, आणि हा सारा अप्रकट उष्मा तापमापकाला अजिबात न दिसता वाफेबरोबर निघून जातो. स्वच्छ केलेल्या रसात शंभरात 15 भाग विरघळलेले घटक धरले आणि त्याचा 60 भागांचा पाक, म्हणजे कारखान्याच्या बोलीतले सिरप, करायचे म्हटले, तर 100 किलो रसामागे 75 किलो पाणी उडवावे लागते.

बाष्पीभवनाचा हा हिशेब या सदरात गेल्या आठवड्यात आल्यावर कागल तालुक्यातील एका गुळव्याने विचारले आहे की, कारखाना आणि गुऱ्हाळ दोघेही रसातले पाणीच उडवत असताना कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, ढीग उरतात आणि गुऱ्हाळात मात्र चुलवण सगळी चिपाडे गिळून टाकते, असे का. प्रश्न इतका नेमका आहे की, दूध संघांतील अमोनियाच्या शीतयंत्रणेचा ठरलेला विषय त्यासाठी मागे ठेवणे योग्य ठरेल.

उत्तराचा मोठा भाग नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्याच्या कामात आहे. 1806 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे मुक्त कृष्णवर्णीय आई आणि गोरा पिता यांच्या पोटी जन्मलेल्या रिल्यूचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले. तो लुइझियानात परतला तेव्हा तेथील मळ्यांवर गुलाम मजूर ओळीने मांडलेल्या उघड्या कढयांमधला उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत असत, आणि भाजण्याच्या जखमा हा त्या कामाचा भागच मानला जाई. 1843 आणि 1846 मध्ये त्याने ज्या यंत्ररचनेची एकस्वे मिळवली, ती आज जगभरच्या साखर कारखान्यांत, दुधाची भुकटी करणाऱ्या डेअऱ्यांत आणि टोमॅटोचा अर्क आटवणाऱ्या उद्योगांत वापरली जाते. तरीही अन्नोद्योगाच्या इतिहासात त्याचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

रिल्यूचा मूळ विचार असा की, रसातून निघालेली वाफ हवेत सोडण्याचे कारण नाही, कारण तिच्यात जवळजवळ तेवढाच अप्रकट उष्मा शिल्लक असतो. अडचण तापमानाची आहे: 100 अंशांची वाफ 100 अंशांवरच उकळणाऱ्या रसाला उष्णता देऊ शकत नाही. म्हणून पुढच्या बंद भांड्यातला दाब कमी केला जातो, जेणेकरून तेथील रस आणखी खालच्या तापमानाला उकळेल. चार भांड्यांच्या संचात, ज्याला कामगार ‘क्वाड’ म्हणतात, टर्बाइनमधून बाहेर पडलेली सुमारे 120 अंशांची वाफ पहिल्या भांड्याला मिळते, तेथे रसातून सुटलेली वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, असे करत शेवटच्या भांड्यात, निर्वातामुळे, रस साधारण 55 अंशांवरच उकळू लागतो. ढोबळ मानाने एक किलो वाफेने चार किलो पाणी उडते. उघड्या काहिलीत मात्र प्रत्येक किलो पाण्यासाठी नवी उष्णता द्यावी लागते आणि चिमणीतून जाणारी उष्णता वेगळीच.

रिल्यूच्या नावाने शिकवला जाणारा दुसरा नियम तितकाच मोलाचा, पण अनेक वर्षे उपेक्षित राहिला. रस तापवण्यासाठी किंवा पॅनमध्ये साखर शिजवण्यासाठी ताजी वाफ वापरण्याऐवजी मधल्या भांड्यातली वाफ काढून घेता येते. चार भांड्यांच्या संचात दुसऱ्या भांड्यातून अशी एक किलो वाफ घेतली की मूळ वाफेत अर्धा किलोची बचत होते, कारण त्या वाफेने तोवर दोन भांड्यांत काम केलेले असते.

उपेक्षेचे कारण अज्ञान नव्हते. 100 टन उसामागे सुमारे 28 टन बगॅस मिळते, त्यात निम्मे पाणी असते, आणि टनभर बगॅसपासून जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये साधारण दोन टन वाफ होते. कारखाना उसाच्या वजनाच्या 50 टक्के वाफ वापरत असेल तर 25 टन बगॅस जळते आणि 3 टन उरते. वापर 40 टक्क्यांवर आणला तर 8 टन उरते. उरलेल्या बगॅसला गिऱ्हाईक नसेल, तर ती वाऱ्यावर उडणारी, आग लागण्याचा धोका असलेली अडगळच ठरते, आणि म्हणून एके काळी बॉयलरकडून बगॅस जाळून संपवणे हीच अपेक्षा असे. सहवीजनिर्मिती आली, उच्च दाबाचे बॉयलर बसले आणि ग्रिडला विकलेल्या विजेचे पैसे मिळू लागले, तेव्हा वाफेची काटकसर कारखानदारांना एकाएकी सुचू लागली. अनेक ठिकाणी तोच ‘क्वाड’ पाच भांड्यांचा झाला आणि नळ्यांच्या आतून पातळ पडद्याच्या रूपात रस खाली सोडणारी भांडी आली, ज्यांत रस अल्पकाळ राहतो आणि म्हणून वरच्या तापमानालाही त्याचा रंग फारसा बिघडत नाही.

उत्सर्जनाच्या हिशेबात येथे सावधगिरी हवी. बगॅस जळताना निघणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. त्यामुळे नुसती बगॅस वाचली म्हणून उत्सर्जन घटत नाही. तिच्यापासून झालेल्या विजेने कोळशाची वीज हटवली किंवा तिच्या लगद्याने लाकडाची जागा घेतली, तरच ती घट मोजावी. हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाळला, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

आता गुळव्याकडे. गुळाचे आधण शेवटी 115 ते 118 अंशांपर्यंत जाते, त्या टप्प्यात रंग आणि कणी ठरते, आणि ते काम निर्वातातल्या बंद भांड्याने होणारे नाही. निम्मे पाणी आधीच्या टप्प्यात अशा भांड्यांतून उडवणे शक्य आहे, पण बॉयलर, निर्वात पंप आणि प्रमाणित चालक यांचा खर्च एका गुऱ्हाळाला झेपत नाही. झेपण्यासारखी गोष्ट चिमणीकडे जाणाऱ्या गरम धुरात आहे: उत्तर प्रदेशात एकाच भट्टीवर तीन-चार कढया मांडून मागच्या कढईत कच्चा रस तापवतात, तर कोल्हापूरकडे सहसा एकच काहील असते. काहिलीच्या तळाला धातूच्या पट्ट्या जोडून उष्णता घेणारे पृष्ठफळ वाढवण्याचेही प्रयोग झाले आहेत. मागे दुसरी काहील बसवताना मात्र तिचे माप चरकाच्या आणि पुढच्या आधणाच्या वेळेशी जुळवावे लागते. आम्लधर्मी कच्चा रस गरम अवस्थेत रेंगाळला तर त्यातल्या सुक्रोजचे विघटन होते, गूळ मऊ पडतो, आणि वाचलेल्या चिपाडांची किंमत ढेपेच्या घसरलेल्या भावात जाते.

अमोनिया पुढील आठवड्यात.