गादीवाफा करताय? आधी खाली बघा!

आमच्या घरामागे थोडीशी मोकळी जागा आहे. माती काळी. पहिल्याच पावसाळ्यात मी हौसेनं मिरचीची 12 रोपं लावली. श्रावणात झड लागली, चार दिवस पाणी हटेना, आणि रोपांनी माना टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मुळांना श्वास घ्यायला नको का?”

काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात भाजीला गादीवाफा बरा. हे कळलं तेव्हा मी भिशीच्या पैशांतून लाल माती आणवली, विटा रचल्या आणि सगळी माती सरळ जमिनीवर ओतली. महिनाभर बाग अशी डोलत होती की शेजारणी बघायला यायच्या! मग पुन्हा तेच. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळं खाली जाऊन आडवी वळलेली. खालची जमीन येण्याजाण्यानं दगडासारखी झाली होती. वरून मुरलेलं पाणी तिथंच तुंबत होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी खालची जमीन मोकळी करा. ओली असताना मात्र नको, नुसती ढेकळं होतात. मूठभर माती दाबून गोळा करा. तो बोटानं सहज फुटला की वाफसा आला समजा. मग कुदळीनं वीतभर खणा, दोन-तीन घमेली शेणखत मिसळा आणि त्यावर नवी माती घाला. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्यातून हुमणी येते आणि मुळंच खाते.

वाफा 3 फूट रुंद पुरे. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण आत पाय पडला की माती पुन्हा दबते. 8 फूट लांब आणि 9 इंच उंच वाफ्याला चाळीस-पन्नास घमेली माती-खत सहज लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी एकच करा. विटा सिमेंटनं जोडू नका, फटींतून पाणी निघून जाऊ दे. घराच्या भिंतीला चिकटूनही नको, ओल येते.

उन्हाळ्यात हाच वाफा लवकर सुकतो, बरं का! त्यावर वाळलेल्या पाल्याचा थर द्या.

पुढच्या श्रावणात आमची मिरची टिकली. कोपऱ्यातली दोन रोपं तेवढी गेली. तिथं धाकटा चेंडू काढायला चढला होता.