सायलेन्सर बदलण्यापूर्वी

काचीगुडा चौरस्त्यावरून एखादी स्पोर्ट्स मोटारसायकल कानठळ्या बसवत गेली की वाटते, काय ताकद आहे! पण आवाज म्हणजे ताकद नव्हे.

इंजिनातून गरम वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतात. सायलेन्सरमधील कप्पे व छिद्रांच्या नळ्या हे धक्के मोडतात. त्या काढल्या की आवाज फार वाढतो, ताकद मात्र नाममात्र. डेसिबलचे गणितही फसवे आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते.

सायलेन्सर बदलायचाच असेल तर तो आपल्याच मॉडेलचा व आवाजाच्या कायदेशीर मर्यादेत बसणारा घ्यावा. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर काढू नयेत. बसवताना इंजिन थंड असावे, गॅस्केट नवे घालावे. सर्व बोल्ट आधी हाताने लावून मगच पान्याने आवळावेत. नंतर सांध्यातून वायू गळत नाही ना, हे पाहावे.

पालकांनीही लक्षात घ्यावे, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ध्वनीचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा व रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा असेल, तर आपल्या गाडीने गप्प राहिलेलेच बरे.