एकाच पानावरचे दोन आकडे

विमान ढगांत शिरले की खिडकीबाहेर पांढऱ्या धूसरतेखेरीज काही उरत नाही. त्या वेळी वैमानिकालाही जमीन दिसत नसते. तरीही विमान नेमके धावपट्टीसमोर ढगांबाहेर येते, ते उपकरणांच्या आणि एका पानाच्या आधारे. या पानाला ‘ॲप्रोच चार्ट’ म्हणतात.

पानाच्या शिरोभागी रेडिओची वारंवारता, अंतिम मार्गाची दिशा आणि उतरणे न साधल्यास पुन्हा वर कसे जायचे याच्या सूचना असतात. त्याखाली परिसराचा वरून पाहिलेला नकाशा असतो. मार्गाच्या प्रत्येक टप्प्यात किमान किती उंची राखायची, हे त्यात नोंदलेले असते. त्यानंतर तोच मार्ग बाजूने पाहिल्यासारखा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा दिसतो. तळाशी अंतिम मर्यादांचा तक्ता असतो. नेहमीच्या आयएलएस पद्धतीत ही मर्यादा बहुधा जमिनीपासून २०० फूट असते. तिथवर येऊनही धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत, तर वर जाणे बंधनकारक असते.

वरचा नकाशा आणि खालचे बाजूचे चित्र एकत्रच का वाचावे लागतात, याचे उत्तर १ डिसेंबर १९७४ च्या दुर्घटनेत आहे. भारतात जाता-येता वॉशिंग्टन परिसरातील मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या डलेस विमानतळाकडे त्या सकाळी टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान येत होते. विमानतळ सुमारे ४४ सागरी मैल दूर असतानाच नियंत्रकाने ॲप्रोचची परवानगी दिली. चार्टवरील बाजूच्या चित्रात १,८०० फूट हा आकडा होता. राउंड हिल ही खूण त्या चित्रात नव्हतीच. वरच्या नकाशात मात्र राउंड हिलपर्यंत किमान ३,४०० फूट अशी नोंद होती. कॅप्टनने तो आकडा पाहिला आणि बोलूनही दाखवला. परंतु परवानगी मिळाली म्हणजे खाली उतरण्यास हरकत नाही, असा अर्थ कॉकपिटमध्ये लावला गेला. विमान राउंड हिलपूर्वीच १,८०० फुटांकडे उतरले आणि माउंट वेदर या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले.

वैमानिक आणि नियंत्रक यांच्या मनात ‘परवानगी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते. त्याहून क्लेशदायक गोष्ट अशी, की काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच ठिकाणी अशाच चुकीतून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती सूचना इतरांपर्यंत पोहोचली नाही.

पुढे नियम बदलला. चार्टवर छापलेल्या मार्गावर विमान प्रत्यक्ष येईपर्यंत नियंत्रकाने शेवटी दिलेली उंची सोडायची नाही, असे ठरले. मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली, वैमानिकांना आपल्या चुका निर्भयपणे कळवता येतील अशी व्यवस्था सुरू झाली.

चार्टवरील कोणताही आकडा केवळ आपल्या टप्प्यापुरताच खरा असतो. म्हणून वैमानिक प्रथम ‘मी आत्ता कोठे आहे?’ हे निश्चित करतो आणि मगच ‘किती खाली जाऊ?’ हे विचारतो.